सर्व्हर मुंबईला गेला, काटा मिरकरवाड्यातच राहिला

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळी घेऊन, गोठवून पुढे पाठवणाऱ्या धंद्यात जुनं सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे दुसरीकडच्या भाड्याच्या यंत्रांवर, हलवायचं तर हेच ६१ दिवस हातात असतात. आणि रत्नागिरीत, जिथल्या मिरकरवाडा बंदरावर आमचे काटे आहेत, लाइट आणि इंटरनेट सगळ्यात जास्त दगा देतात तेही याच ६१ दिवसांत.

आम्ही हलवलेलं ॲप्लिकेशन २००३ सालचं, व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. मागे डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा, एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२. एका वेळी वापरणारे चौदा जण, तीन वजनकाटे, चार डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सर्व्हर म्हणजे हिशेबाच्या खोलीत कोपऱ्यातला एक टॉवर, शेजारी स्टॅबिलायझर. खाऱ्या हवेने त्याचे पंखे आणि कनेक्टर खाल्ले जायचे ते वेगळंच. त्या डेटाबेसचा कंपनीकडून मिळणारा आधार ९ जुलै २०१९ ला संपला होता, आणि ज्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर तो चालत होता त्याचा १४ जानेवारी २०२० ला. वर २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलावरची बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात जातात हे आख्ख्या कोकणाला कळलं. त्यामुळे हलवायचं का यावर वाद नव्हता. घोळ होता तो हलवणं म्हणजे काय, याबद्दलच्या समजुतींचा.

त्यातल्या बहुतेक समजुती एकाच मुळाच्या निघाल्या. जुनं ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने एक गोष्ट न बोलता धरून ठेवलेली असते: डेटाबेस, घड्याळ, प्रिंटर, काटा आणि बिल करणारा माणूस एकाच इमारतीत आहेत. हे कोडमध्ये कुठे लिहिलेलं नसतं. त्यातला एक भाग इमारतीबाहेर काढला की मग एकेक करून दिसायला लागतं.

"आहे तसं उचलून तिकडे ठेवायचं आणि डेस्कटॉपवर सर्व्हरचा पत्ता बदलायचा." ही पहिली समजूत. ती आम्ही खरंच करून पाहिली. डेटाबेसची प्रत क्लाउड कंपनीच्या मुंबई रीजनमधल्या, म्हणजे मुंबईच्या केंद्रातल्या, यंत्रावर चढवली, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) जोडला, एका डेस्कटॉपवरच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये पत्ता बदलला. खरेदी बिलाचा स्क्रीन उघडायला नऊ सेकंद लागले. लगेच सूचना आली की मोठं यंत्र घ्या. पण यंत्र तर आळसात बसलं होतं, सीपीयू चार टक्क्यांच्या वर जात नव्हता.

प्रोफायलर, म्हणजे डेटाबेसकडे काय काय मागितलं जातं ते टिपणारं साधन, लावल्यावर कारण सापडलं. एक बिल उघडताना ॲप्लिकेशन ४१२ क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एकेक प्रश्न, पाठवत होतं. प्रत्येक ओळीसाठी मासळीचं नाव वेगळं मागायचं, दर वेगळा, होडीमालकाचं खातं वेगळं, बर्फाची वजावट वेगळी. ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, एका फेरीला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सगळ्या मिळून पाव सेकंदसुद्धा नाही. मुंबईपर्यंतची फेरी आमच्या फायबरवर २२ मिलिसेकंदांची. ४१२ गुणिले २२, झाले नऊ सेकंद. फोरजीवर फेरी ६० मिलिसेकंदांवर गेली की तेच बिल पंचवीस सेकंदांत उघडणार. यंत्र कितीही मोठं घ्या, यातला एक मिलिसेकंद कमी होत नाही. हळूपणा यंत्रात नव्हता, वाटेत होता.

चांगला उपाय म्हणजे त्या ४१२ क्वेरींच्या पाच-सहा करणं. त्यासाठी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, लागतो. तो होता, पण चालू असलेली ईएक्सई (सोर्सवरून बांधलेली चालती फाइल) त्याच सोर्सची आहे का, हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. त्या सोर्सवरून नवी ईएक्सई बांधून जुनीशी ताडून पाहिली तर बिलावरची एक वजावट नव्या बांधणीत नव्हतीच. म्हणजे शेवटचा बदल ज्या मशीनवर झाला, तो त्या मशीनबरोबर गेला. तेव्हा ठरवलं की ईएक्सईला हात लावायचा नाही. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस दोन्ही मुंबईत, एकाच झोनमधल्या दोन यंत्रांवर ठेवायचे आणि ऑफिसातून रिमोट डेस्कटॉपने वापरायचं. क्वेरींच्या फेऱ्या तिकडल्या तिकडे होतात, रत्नागिरीपर्यंत येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र. बिल पुन्हा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडायला लागलं.

इथे लायसन्सचा खड्डा आहे आणि तो चार महिन्यांनी उघडतो. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन रिमोट सेशन मिळतात. त्याच्यापुढे माणसं बसवायची तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची कॅल लायसन्सं, म्हणजे माणशी किंवा यंत्रामागे एक परवाना, लागतात. ती न घेताही सगळं सुरळीत चालतं, कारण १२० दिवसांची सवलत असते. १९ जूनला बसवलेलं असेल तर १७ ऑक्टोबरपर्यंत कुणाला काही कळत नाही, आणि मग ऐन हंगामात एके सकाळी कुणीच आत जाऊ शकत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. यंत्रं डोमेनमध्ये, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात, नसून वर्कग्रुपमध्ये, म्हणजे सुटी, असतील तर कॅल डिव्हाइसच्या घ्याव्यात. यूजरच्या घेतल्या तर विंडोज सर्व्हर २०१९ पासून सेशन तासाभराने तोडलं जातं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

डेटाबेसच्या लायसन्सबद्दलही "आपल्याकडे आहेच की" असं सगळे म्हणत होते. जुनं स्टँडर्ड एडिशन त्या टॉवरबरोबर विकत घेतलेलं होतं, ते टॉवरलाच बांधलेलं. क्लाउडवर नव्याने घ्यायचं तर निदान चार कोअरचा हिशेब धरतात, आणि ते बिल यंत्राच्या भाड्याहून जड होतं. इथे जुन्या सॉफ्टवेअरची एक जुनीच खोड कामी आली: दर आर्थिक वर्षाचा डेटाबेस वेगळा. सगळे मिळून ३१ जीबी, पण मोठ्यात मोठा ४.२ जीबी. एक्स्प्रेस एडिशन फुकट असतं आणि आम्ही घेतलेल्या २०१९ च्या आवृत्तीत त्याची मर्यादा दर डेटाबेसला १० जीबीची. डेटासाठी मेमरी १,४१० एमबीच वापरतं, त्यामुळे तीन वर्षांचा एकत्र रिपोर्ट रेंगाळतो. चौदा माणसांच्या रोजच्या कामाला काही झालं नाही. तीन वर्षांचा रिपोर्ट वर्षातून दोनदा निघतो, तेवढा वेळ चहा घ्यावा.

याच वर्षवार डेटाबेसांमुळे "थेट मॅनेज्ड डेटाबेस घ्या, डोक्याला ताप नाही" हा सल्ला (म्हणजे क्लाउड कंपनीच सांभाळते असा डेटाबेस घ्या) आम्हाला लागू पडला नाही. ॲप्लिकेशन एका क्वेरीत चालू वर्ष आणि मागच्या वर्षाच्या डेटाबेसात एकदम डोकावतं. अ‍ॅझूर एसक्यूएल डेटाबेस या मायक्रोसॉफ्टच्या अशा सेवेत असं थेट करता येत नाही. दुसऱ्या मॅनेज्ड सेवांमध्ये एक्सपी-सीएमडीशेल (डेटाबेसमधून विंडोजची कमांड चालवायची सोय) मिळत नाही, आणि आमची रात्रीची फाइल त्याच्यावर निघत होती. मॅनेज्ड सेवा वाईट नव्हे. ती नव्या घराचे नियम घेऊन येते आणि जुन्या भाडेकरूला ते पाळता येतातच असं नाही.

मग आवृत्ती. २००८ आर२ चा बॅकअप २०१९ वर थेट रिस्टोअर होतो. एसक्यूएल सर्व्हर २००० चा असेल तर २०१२ किंवा पुढच्या कुठल्याच आवृत्तीवर होत नाही, मध्ये २००८ चा टप्पा घ्यावा लागतो. आमचा डेटाबेस मुळात २००० चाच होता. २००८ आर२ वर आणताना कुणीतरी कम्पॅटिबिलिटी लेव्हल (कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं तो आकडा) ८० वर, म्हणजे २००० च्याच पातळीवर, ठेवून दिली होती, म्हणून जुनी वाक्यरचना इतकी वर्षं निमूट चालली. २०१९ वर रिस्टोअर होतानाच ती लेव्हल आपोआप १०० होते. त्यासरशी तारांकन आणि बरोबरचं चिन्ह जोडून लिहिलेले जुने आउटर जॉइन (दोन तक्ते जोडायची रचना) मोडतात. कंसाशिवाय लिहिलेली रेझएरर ही एरर दाखवणारी कमांडही २०१२ पासून चालत नाही, लेव्हल कुठलीही असो. आमच्याकडे असं काही असलेले ३७ प्रोसीजर आणि व्ह्यू, म्हणजे डेटाबेसातच साठवलेल्या क्वेरी, निघाले. सुदैवाने ईएक्सईच्या पोटात एकही नव्हता. हे ठामपणे सांगता येतं ते सोर्स वाचून नव्हे. सोर्सवर विश्वास उरला नव्हता. एप्रिल-मेचे सहा आठवडे चालू सर्व्हरवर प्रोफायलरचा ट्रेस ठेवला, त्यात मार्चअखेरच्या नोंदीही उरकल्या गेल्या, आणि ईएक्सईकडून आलेली प्रत्येक क्वेरी नव्या सर्व्हरवर चालवून पाहिली. असा ट्रेस ठेवायचा तर आधी डिस्कवर जागा बघावी, फाइली भराभर वाढतात.

डेटाबेसबरोबर काय येत नाही, ही यादी आधीच करावी. लॉगिन सर्व्हरच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसात राहतात, वेळापत्रकावरचे जॉब त्याच्याच एमएसडीबी डेटाबेसात. बॅकअप आपल्या डेटाबेसचा असतो, यातलं काही त्यात नसतं. एक्स्प्रेसमध्ये तर जॉब चालवणारा एजंटच नाही, त्यामुळे जॉब विंडोजच्या टास्क शेड्युलरवर नेले. लॉगिन नव्याने बनवताना आणखी एक गोष्ट निसटते, ती म्हणजे लॉगिनची भाषा. जुन्या सर्व्हरवर ती ब्रिटिश इंग्लिश होती, नव्यावर आपोआप यूएस इंग्लिश आली. ५/७ ही तारीख ७ मे होऊन बसली आणि २५/७ वर एरर. खरं दुखणं एरर नसलेलं. एरर आला तर माणूस फोन करतो. गुपचूप ७ मे झालेल्या नोंदी महिन्याचा ताळा जुळवताना सापडतात. विंडोजची रीजनल सेटिंग्जही तशीच. ती एका यूजरपुरती बदलून उपयोग नाही, नव्या यूजरच्या साच्यातही इंग्लिश इंडिया करून ठेवावं लागतं.

ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर, म्हणजे प्रोव्हायडर, हाही जुना होता. सुरक्षेसाठी टीएलएस या सांकेतिक जोडणीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या की तो, एसक्यूएलओएलईडीबी, नुसता एसएसएल एरर देऊन थांबतो. आयएनआयमध्ये नव्या एमएसओएलईडीबीएसक्यूएलचं नाव घातलं आणि डेटाटाइप कम्पॅटिबिलिटी ८० असा शब्द जोडला. तो विसरलात तर तारखा आणि मोठे मजकूर विचित्र रूपात येतात.

आता घड्याळ. मासळीचा व्यवहार पहाटेचा, म्हणून चाचणीही पहाटे घेतली. मासळी नव्हती, तेव्हा २० किलोचं प्रमाणित वजन क्रेटमध्ये ठेवून काट्यावर चढवलं. १४ जुलै, पहाटे ४ वाजून १० मिनिटं. चिठ्ठीवर छापून आलं: १३ जुलै, २२:४०. क्लाउडवरचं विंडोज यंत्र यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, जन्माला येतं, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचच्या आतली प्रत्येक नोंद आदल्या दिवशी पडणार. दिवसा दहा ते सहा चाचणी करणाऱ्याला हे दिसतच नाही, कारण तारीख तीच असते आणि वेळ कुणी वाचत नाही. हे तसंच राहिलं असतं तर १ ऑगस्टच्या पहाटेची चिठ्ठी ३१ जुलैची निघाली असती, म्हणजे बंदीच्या शेवटच्या दिवशी मासळी उतरवल्याचा आपणच छापलेला पुरावा. १ एप्रिलची पहाट मागच्या आर्थिक वर्षाच्या डेटाबेसात गेली असती ते निराळं. दोन्ही यंत्रांवर टाइमझोन बदलला, डेटाबेसची सेवा पुन्हा चालू केली, आणि पहाटे चार वाजता पुन्हा तेच वजन चढवलं. काही मॅनेज्ड डेटाबेसांत यूटीसी बदलताच येत नाही, तिथे कोडमध्ये साडेपाच तास मिळवावे लागतात.

काट्याचं काम सगळ्यात जास्त दिवस चाललं. काटा सिरीयल पोर्ट या जुन्या पद्धतीच्या केबलच्या जोडणीवर ९६०० च्या वेगाने वजन पाठवत राहतो, ईएक्सई ते एमएसकॉम कंट्रोलने वाचते. मुंबईच्या यंत्राला सिरीयल पोर्ट कुठून असणार? रिमोट डेस्कटॉपमधून पोर्ट पलीकडे नेता येतो, पण लाइन डगमगली की अक्षरं उशिराने एकदम येतात. काटा वजनाआधी दोन अक्षरं पाठवतो, एसटी म्हणजे स्थिर, यूएस म्हणजे हलतं. उशिराने आलेल्या गठ्ठ्यातून ईएक्सईने मागचंच स्थिर वजन उचललं. क्रेट दुसरा, वजन पहिल्याचं. हा रस्ता तिथेच सोडला. काट्याच्या डिस्प्लेला हात लावायचा प्रश्नच नव्हता, त्यावर वैधमापनचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, सील असतं.

शेवटी प्रत्येक काट्याजवळ एक छोटा पीसी ठेवला. त्यावरचा लहानसा प्रोग्रॅम वजन वाचतो, चिठ्ठी तिथल्या तिथे छापतो, नोंद आपल्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये लिहितो आणि मग मुंबईला पाठवतो. नेट गेलं तर चिठ्ठ्या साठतात, दर तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न. होडी धक्क्याला लागली की तिला "नेट नाही" सांगून चालत नाही, बर्फ वितळत असतो. त्यामुळे नेटशिवाय काय चालू राहिलंच पाहिजे, हे आधी कागदावर लिहून घ्यावं. आमच्याकडे ते एकच होतं, वजन आणि त्याची चिठ्ठी. बिलं दोन तासांनी झाली तरी कुणाचं अडत नाही.

यात एक चूक आमच्याकडून झालीच. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी एका खात्यावर ४२.३५० किलो दोनदा दिसले. नोंद मुंबईला पोचली होती, लिहिली गेली होती, पण पोच परत येताना लाइन गेली. प्रोग्रॅमने दहा सेकंद वाट पाहिली आणि इमानेइतबारे पुन्हा पाठवली. तेव्हापासून चिठ्ठीचा क्रमांक काट्याजवळच तयार होतो, काट्याचं अक्षर, तारीख आणि अनुक्रम मिळून, आणि मुंबईच्या तक्त्यावर त्या क्रमांकाला युनिक इंडेक्स, म्हणजे एक क्रमांक दोनदा न बसू देणारा नियम, आहे. तीच नोंद दहा वेळा आली तरी एकदाच बसते, आणि पाठवणाऱ्याला दहाही वेळा "मिळाली" असंच उत्तर जातं. हे दुसरं विसरलं तर रांग पहिल्याच चिठ्ठीवर अडकून बसते.

प्रिंटरची समजूत अशी की रिमोट डेस्कटॉपमधून प्रिंटर आपोआप दिसतात. दिसतात, पण दर लॉगिनला नावापुढे कंसात रीडायरेक्टेड आणि एक आकडा लागतो, आणि तो आकडा बदलता असतो. ईएक्सई प्रिंटर नेमक्या नावाने शोधते, तिला तो सापडत नाही. शिवाय त्या वाटेने पान चित्र म्हणून जातं, डॉट मॅट्रिक्सची सुई एकेक रेघ घासत बसते. म्हणून ऑफिसात प्रिंट सर्व्हरची डबी बसवली, मुंबईच्या यंत्रावर व्हीपीएनमधून ९१०० पोर्टवर तिच्याकडे जाणारे प्रिंटर जुन्याच नावांनी बनवले, ड्रायव्हर नुसती अक्षरं पाठवणारा, जेनेरिक टेक्स्ट ओन्लीचा. बिलं पूर्वीच्या वेगाने निघायला लागली. फक्त इंग्रजी बिलं. मराठी नावं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात साठवलेली आहेत. डेटाबेसमध्ये ती रोमन अक्षरांचा कचराच आहे, फॉन्ट चढवला तरच मराठी दिसतं. टेक्स्ट ड्रायव्हरला फॉन्ट कळत नाही, म्हणून होडीमालकांची मराठी पत्रकं चित्राच्याच वाटेने, सावकाश. हा डेटा कधीतरी युनिकोडमध्ये आणावाच लागेल, पण त्याच उन्हाळ्यात नाही. एका हलवण्यात एकच गोष्ट बदलावी.

नेटसाठी "दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या, प्रश्न मिटला" असं म्हणतात. दोन्ही लाइन पुढे जाऊन मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेच्या एकाच चरातून जात असतील तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. केबलचा मार्ग विचारावा, तोही कार्यालयात नव्हे, लाइन जोडायला येणाऱ्या माणसाला. आमची दुसरी वाट फोरजीची. ती बदलली की आपला आयपीही बदलतो, म्हणून "फक्त ऑफिसच्या आयपीला प्रवेश" हा नियम आपल्यालाच बाहेर ठेवतो. व्हीपीएनची जोडणी आतून बाहेर निघते, तिला आयपीचं सोयरसुतक नसतं. राउटर, फायबरची डबी, स्विच आणि काट्याजवळचे पीसी वेगळ्या यूपीएसवर ठेवावेत. एअर कंडिशनरच्या लाइनवर नव्हेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. इतक्या लांब मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही टिकत नाही. अशा दिवसांसाठी चिठ्ठीपुस्तक आणि कार्बन.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: क्लाउड कंपनी इमारत आणि हार्डवेअर सांभाळते, दार तुम्ही उघडं टाकलंत तर ते तुमचं. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट चाचणीसाठी एका दुपारी सगळ्यांना खुला राहिला होता. संध्याकाळी लॉगमध्ये ४६२५ च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदींची रांग लागली होती. पोर्ट बंद, व्हीपीएनशिवाय काही नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, तेवढी जागा धरून ठेवली.

"क्लाउडवर बॅकअप आपोआप असतो" ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. भाड्याच्या यंत्राचा बॅकअप कुणीही आपणहून घेत नाही. डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची आख्खी प्रत, लावता येतो, पण तो डेटाबेसच्या बॅकअपची जागा घेत नाही. दुपारी तीनला कुणी चुकून खाती पुसली तर पहाटेचा स्नॅपशॉट सकाळचं सगळं काम घेऊन जातो. आम्ही रात्री साडेअकराला पूर्ण बॅकअप आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीचा, लावला. फाइली तयार झाल्या की हैदराबाद रीजनमध्ये जातात. तिथे पुसण्याचा अधिकार या यंत्राला नाही, म्हणजे रॅन्समवेअर आलं तरी त्या प्रतीपर्यंत पोचत नाही. एक्स्प्रेस बॅकअप दाबून लहान करत नाही, म्हणून पाठवण्याआधी झिप. एकदा शेड्युलरवरचा पासवर्ड बदलला आणि लॉग बॅकअप गुपचूप थांबले. फुल रिकव्हरी या पद्धतीत बॅकअप झाल्याशिवाय लॉगमधली जागा मोकळी होत नाही, तो वाढत वाढत डिस्क भरली, ९००२ एरर आला आणि सगळ्यांचं काम ठप्प. तेव्हापासून बॅकअप झाला नाही तर संदेश येतो असं नाही, झाला तर येतो. सकाळी संदेश नाही म्हणजे काहीतरी बिनसलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक बॅकअप दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून खात्यांच्या बाकी जुळवतो. धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणं ऑगस्ट २०२२ पासून नियमातच आहे. मुंबई आणि हैदराबाद दोन्ही त्यात बसतात.

खर्चाबद्दल "बंद ठेवलं की पैसे नाहीत" हे अर्धं खरं. महिन्याचे तास ७३०. बंदीच्या काळात दहा तास, सव्वीस दिवस चालवलं तर २६०. पण थांबवलेल्या यंत्राची डिस्क आणि राखून ठेवलेला पब्लिक आयपी यांचं मीटर चालूच राहतं. हंगामात रात्री बंद ठेवणं शक्यच नाही, काटे पहाटे सुरू होतात. वर्षाच्या करारावर सवलत मिळते, पण पहिले तीन महिने तो करू नये. आम्ही ॲप्लिकेशनचं यंत्र १६ जीबीचं घेतलं होतं, आठात भागलं.

प्रत्यक्ष बदली एका शनिवारी रात्री. दाबलेला पूर्ण बॅकअप ७ जीबीचा. २० एमबीपीएसच्या अपलोडवर हिशेबाने पाऊण तास, प्रत्यक्षात सव्वा. तो गुरुवारीच पाठवून नोरिकव्हरीत, म्हणजे पुढचा बॅकअप वर चढवता येईल असा, रिस्टोअर करून ठेवला. शनिवारी सहाला नोंदी थांबवल्या, डिफरन्शियल, म्हणजे त्यानंतरच्या बदलांपुरता बॅकअप, घेतला, तो काही मिनिटांत गेला. जुने डेटाबेस लगेच रीड-ओन्ली केले. ही पायरी चुकवू नये. सोमवारी एका डेस्कटॉपवरचा ३२-बिट ओडीबीसीचा डीएसएन (डेटाबेसचा पत्ता ठेवणारी नोंद) जुन्याच सर्व्हरकडे बघत होता. विंडोजमध्ये ३२ आणि ६४ बिटचे ओडीबीसी वेगवेगळे असतात, बदलला होता तो दुसरा. रीड-ओन्ली नसतं तर त्या दिवशीच्या नोंदी दोन ठिकाणी पडल्या असत्या. मूळ २००० चा डेटाबेस असल्यामुळे चेकडीबी ही डेटाबेसची तपासणी डेटा प्युरिटीसह चालवली, स्टॅटिस्टिक्स नव्याने घेतली. मग ओळींची संख्या नव्हे, आकडे जुळवले: ट्रायल बॅलन्स, प्रत्येक होडीमालकाची बाकी, शीतगृहातला किलोंमधला साठा. ई-इनव्हॉइसचा एपीआय ठरावीक आयपीलाच उत्तर देत होता. नवा आयपी आधी नोंदवला होता, म्हणून सोमवारची बिलं अडली नाहीत.

जुना टॉवर अजून त्याच कोपऱ्यात आहे, रीड-ओन्ली, नेटवर्कला जोडलेला. त्याचं नाव नव्या सर्व्हरकडे वळवणं सोपं होतं. मुद्दाम वळवलं नाही, त्या नावावर अजून कोण विसंबून आहे ते कळायला हवं होतं. दिवाळीनंतर बँकेचं स्टॉक स्टेटमेंट करताना एक एक्सेल फाइल निघाली, थेट जुन्या डेटाबेसातून आकडे ओढणारी, आणि ते जुलैतच थांबलेले. अकाउंट्सच्या काकांनी साठा डोळ्यानेच ओळखला, म्हणाले, "एवढी कोळंबी आता कुठची?" ती फाइल दुरुस्त केली. मार्चअखेरपर्यंत टॉवर चालू ठेवायचा आहे, वर्षातून एकदाच उघडणारी अशी आणखी एखादी फाइल कुणाच्या तरी डेस्कटॉपवर असणार.